विंडोज 10 वरून 11 वर जायला नवीन लायसन्स विकत घ्यावं लागतं का?

तुमचा एक लॅपटॉप 2020 चा, विंडोज 10 होम घेऊनच आलेला. दुसरा मूळचा विंडोज 7 चा, 2016 च्या सुरुवातीला फुकटात 10 वर नेलेला. आणि दुकानदार म्हणतो, फुकट अपग्रेडची मुदत संपली, दोन्हींना नवीन लायसन्स घ्या. घेऊ नका.

29 जुलै 2016 ला संपली ती 7 आणि 8.1 वरून 10 वर जायची मुदत. तुम्ही त्याआधीच गेलात, त्यामुळे ते 10 त्या मशीनपुरतं कायमचं तुमचं. 10 वरून 11 ला मायक्रोसॉफ्ट पैसे मागत नाही. होम असेल तर होम मिळतं, प्रो असेल तर प्रो.

घोडं अडतं ते हार्डवेअरपाशी. टीपीएम 2.0 (किल्ल्या, पासवर्ड सुरक्षित ठेवणारी सोय), सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर हवा. 2020 वाला बहुतेक बसेल. टीपीएम सापडत नाही असं दाखवलं तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये, पीटीटी हे इंटेलचं टीपीएम बंद असेल (एएमडीत त्याला एफटीपीएम म्हणतात), ते चालू करा. जुना मात्र बसणार नाही, आणि हजारो रुपयांची लायसन्स की (ॲक्टिव्हेट करायचा कोड) घालूनही बसणार नाही. की घातल्याने प्रोसेसर थोडाच बदलतो! विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, पण घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत जादा सुरक्षा अपडेटची सोय आहे. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवलात तर तीही फुकट.

एक गोष्ट तेवढी तपासा. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एसएलएमजीआर', स्पेस, तिरकी रेघ (/), 'डीएलआय' असं इंग्रजीत टाइप करा. खिडकीत 'ओईएम' (मशीनबरोबर आलेलं) किंवा 'रिटेल' (किरकोळ लायसन्स) दिसलं तर उत्तम. घरच्या लॅपटॉपवर 'व्हॉल्यूम केएमएस क्लायंट', म्हणजे कंपन्यांसाठीचं एकगठ्ठा लायसन्स, दिसलं, तर फॉरमॅट करताना कुणीतरी जुगाडाने ॲक्टिव्हेट करून दिलंय, आणि मग वरचं काहीच लागू नाही. ऑनलाइन चारपाचशे रुपयांना मिळणाऱ्या कीसुद्धा बऱ्याचदा कुठल्यातरी कंपनीच्या व्हॉल्यूम लायसन्समधल्याच असतात.

2020 वाला कोरा करून 11 टाकणार असाल, तर की विचारल्यावर 'माझ्याकडे की नाही' निवडा आणि पुढच्या यादीत होमच घ्या. चुकून प्रो घेतलंत तर ॲक्टिव्हेट होणार नाही, आणि दुकानदार म्हणेल, बघा, सांगितलं होतं ना!