‘ती काय औषधाची गोळी नव्हे, मॅडम’

‘अँजिओप्लास्टी झालीय, आता गुडघे-कंबर दुखली तर पेनकिलर चालेल का?’ हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. विचारणारी असते बायको, सून नाहीतर मुलगा. रुग्ण स्वतः क्वचितच विचारतो, कारण बहुतेक वेळा तो ती गोळी आधीपासूनच घेत असतो. म्हणून ही एक केस सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका सत्तरीला टेकलेले, एसटीतून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवलेला. सकाळी ॲस्पिरिन ७५, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड (लघवी वाढवणारं औषध) यांची एकत्र गोळी, रात्री कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन. पथ्यपाणी चोख. तरीही महिन्याभरात वरचं बीपी १३० वरून १६४ झालं, पावलं सुजली, चिडचिड वाढली. हे मनावरच्या ताणाने होत असेल, अशा शंकेने त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं.

ताण शोधून सापडेना. औषधं कोणती घेता, म्हटल्यावर त्यांनी आठवड्याच्या कप्प्यांची डबी उघडून दाखवली. एकही गोळी चुकलेली नव्हती. मग मी प्रश्नच बदलला.

“काका, दुखलंखुपलं तर काय करता?”

“करायचंय काय? एक गोळी टाकायची.”

“बघू कोणती?”

शर्टाच्या खिशातून पट्टीचा तुकडा निघाला. दुकानदाराने कात्रीने चार गोळ्या कापून दिलेल्या. नावाचा पुढचा भाग दुकानातच राहिलेला, ‘फेनॅक’ एवढंच शिल्लक. तारीखही कापली गेलेली.

“ही डबीत का नाही?”

“ती काय औषधाची गोळी नव्हे, मॅडम. नुसती दुखण्याची.”

इथे केस उलगडली. काका डॉक्टरांपासून काही लपवत नव्हते. ती गोळी ते मोजतच नव्हते. त्यांच्या हिशेबी औषध आजारावर घ्यायचं असतं, आणि गुडघेदुखी हा आजार नसून वय आहे. माणसाच्या वागण्यामागे त्याचा स्वतःचा तर्क असतो, तो हाती लागेपर्यंत उपदेश वाया जातो, असं मी पहिल्यापासून मानत आले आहे. ‘काय घेता?’ला मिळणारं उत्तर आणि ‘दुखलं तर काय करता?’ला मिळणारं उत्तर यांत केवढा फरक असतो, हे त्या दिवशी काकूंनाही दिसलं.

पूर्ण पट्टी मागवल्यावर कळलं, ॲसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम अधिक पॅरासिटामॉल ३२५, दिवसातून दोनदा, तीन आठवडे. ॲसिक्लोफेनॅक हे डायक्लोफेनॅकच्या जवळचं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, हार्ट फेल्युअर किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांनी डायक्लोफेनॅक घेऊ नये, असं युरोपच्या औषध नियामकाने २०१३ सालीच सांगितलं आहे. ‘दोन-चार दिवसांनी काय होतंय?’ हे पालुपदही खरं नाही. अशा गोळ्यांनी हार्ट ॲटॅकचा धोका पहिल्या काही आठवड्यांतही वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या नियामकाने २०१५ मध्ये दिला.

यामागचं कारण काकांना कार्डिऑलॉजिस्टनी सांगितलं. सूज आणि वेदना निर्माण करणाऱ्या रसायनांचेच भाऊबंद रक्तवाहिन्या सैल ठेवतात, मूत्रपिंडाला रक्त पुरवतात, जठराचं अस्तर सांभाळतात. गोळी सगळ्यांनाच अडवते. मग रक्तात गुठळी होण्याकडे कल वाढतो, मीठ-पाणी शरीरात साठतं, बीपी चढतं आणि बीपीच्या गोळीचा जोर कमी पडतो. टेल्मिसार्टन, लघवीचं औषध आणि वर ही गोळी, हे त्रिकूट मूत्रपिंडाला फार जड जातं. काकांचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते, वाढलेलंच होतं. ताण नव्हता, बीपी, सूज सगळं खिशातल्या त्या तुकड्यातून आलं होतं.

पुढच्या भेटीत काका तावातावाने आले. “मग ती ७५ची ॲस्पिरिन पण पेनकिलरच की! तीही बंद करतो.”

हे वाक्य मला सगळ्यात जास्त घाबरवतं. ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन दुखण्यासाठी नसतेच. ती रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटू देत नाही. स्टेंट असलेल्याने ती मनाने थांबवली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. उलट तिला जपायचं असतं. आयबुप्रोफेन आधी पोटात गेलं, तर साध्या ॲस्पिरिनची कामाची जागा तेच अडवून बसतं. लोक सर्रास घेतात त्या कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ असतं, हे किती जणांना माहीत असतं? नॅप्रॉक्सेन हृदयाला त्यातल्या त्यात कमी त्रासदायक मानतात, पण ॲस्पिरिनबरोबर घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याची भीती आहेच. शौचाला डांबरासारखी काळी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

एक प्रश्न उरला होता. “दुखतं हे घरी का नाही सांगितलं?”

बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. नातवाला शाळेतून मी आणतो. दुखतं म्हटलं की पोरगा दुसरी सोय करेल. मग मी काय करू घरात?”

नुसतं ‘गोळी बंद’ म्हणून यांचं भागणार नव्हतं. मुलाशी बोलणं झालं. नातवाला आणायचं काम काकांकडेच राहिलं, दप्तर मात्र खालीच वॉचमनच्या खोलीत ठेवायचं आणि संध्याकाळी मुलाने वर आणायचं. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल ठरवून दिलं, एका वेळी ५०० किंवा ६५०, दोन गोळ्यांत निदान सहा तास, दिवसाला एकूण २ ग्रॅमच्या आत. पाण्यात फसफसणारी गोळी नको, तिच्यात सोडियम भरपूर असतं. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते या बेरजेत धरायचं. यकृताचा त्रास असेल, रोज दारू असेल किंवा ॲसिट्रॉमसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर हेही विचारूनच घ्यायचं.

गुडघ्याला चोळायचं जेल डॉक्टरांना विचारून थोडं लावता येतं, त्यातलं औषध रक्तात फार कमी उतरतं. पण खरा आराम पडला तो व्यायामाने. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच आकडे मोजेपर्यंत धरायची, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. फिजिओथेरपिस्टने समोर बसून करून घेतलं. ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांना मी हात लावू देत नाही. तसल्या पुड्यांत स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅक मिसळलेलं सापडलेलं आहे.

महिन्याने काकांचं बीपी १३४ वर आलं, पावलांची सूज उतरली. क्रिएटिनिन अजून पूर्ण जागेवर नाही, त्यावर लक्ष आहे. सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं आणि तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा, हे काकू बघतात.

छाती, जबडा किंवा डावा हात दुखायला लागला, घाम फुटला, तर मात्र यातलं काहीच लागू नाही. ‘गॅस असेल’ म्हणून दुखण्याची गोळी टाकून वाट बघायची नाही, १०८ला फोन करायचा.