कासवांच्या वेळेवर वेळासला : वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरे

मागील अंकात कोकण किनाऱ्यावरील कासव महोत्सवाविषयी टिपण प्रसिद्ध झाल्यानंतर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : गेल्या मार्चमध्ये आम्ही सहकुटुंब मंडणगड तालुक्यातील वेळासला गेलो होतो. दोन दिवस मुक्काम करूनही समुद्राकडे जाणारे एकही पिल्लू पाहायला मिळाले नाही. संयोजक नक्की तारीख का सांगत नाहीत?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तारीख संयोजकांच्या हातात नसते, म्हणून ते सांगत नाहीत, आणि जे छातीठोकपणे सांगतात त्यांच्यापासून आपण सावध राहावे हे उत्तम. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची मादी आपल्या किनाऱ्यावर साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्रीच्या वेळी वर येते, भरतीच्या रेषेपलीकडे कोरड्या वाळूत सुमारे दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद असा खड्डा मागच्या पायांनी उकरते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि वाळू सारखी करून समुद्रात निघून जाते. पुढचे सर्व काम वाळूच्या उबेवर चालते. वाळू तापलेली असेल तर 45 दिवसांतही पिल्ले बाहेर पडतात, थंडी रेंगाळली तर तोच काळ दोन महिन्यांपर्यंत लांबतो. अंडी कोणत्या तारखेला मिळाली याची नोंद कासवमित्रांकडे, म्हणजे घरटी शोधून राखणाऱ्या गावातील कार्यकर्त्यांकडे, असते, त्यामुळे अमुक घरट्याचे दिवस भरत आले आहेत एवढे ते सांगू शकतात. त्यापुढचे सांगणे त्यांनाही शक्य नसते.

वेळासला प्रत्यक्षात काय घडते तेही पाहावे. किनाऱ्यावर सापडलेली अंडी आणून पुरलेल्या कुंपणातील जागेत, म्हणजे हॅचरीत, प्रत्येक घरट्यावर एक टोपली पालथी घातलेली असते. सकाळी आणि सायंकाळी, ऊन नसताना, कासवमित्र एकेक टोपली उचलून पाहतात. पिल्ले वर आली असतील तर ती पाण्यापासून काही अंतरावर वाळूवर सोडली जातात आणि दोरीमागे उभे राहून आपण त्यांचा समुद्रापर्यंतचा प्रवास पाहतो. टोपलीखाली काही नसेल तर त्या वेळचा कार्यक्रम तेथेच संपतो. अंडी घालण्याचा जोर जानेवारी-फेब्रुवारीत असल्यास मार्चचा उत्तरार्ध आणि एप्रिलचे पहिले आठवडे या काळात एकाच वेळी अनेक घरट्यांचे दिवस भरत असतात, म्हणून त्या सुमारास जावे. निघण्यापूर्वी ज्या घरी उतरणार आहात तेथे दूरध्वनी करून ताजी स्थिती विचारावी आणि शक्य असल्यास शनिवार-रविवार टाळावा. गर्दी कमी असली तर पिल्ले दिसण्याची शक्यता वाढत नाही, पण दिसली तर नीट दिसतात.

प्रश्न : अंडी मूळ जागेवरून उचलून कुंपणात नेणे हा निसर्गातील हस्तक्षेप नव्हे काय? संवर्धन म्हणवणाऱ्या संस्थेने असे करावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हस्तक्षेप आहेच. तो का करावा लागला हे समजून घेतले पाहिजे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते 2002 मध्ये पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाच्या घरट्यांची पाहणी करीत किनाऱ्याने हिंडत असताना वेळास येथे त्यांना कासवाची उकरलेली घरटी आढळली. अंडी माणसे खाण्यासाठी नेत होती, उरलेली कोल्हे आणि भटकी कुत्री फस्त करीत होती. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या पहिल्या अनुसूचीत या कासवाला स्थान असूनही वाळूतले घरटे रात्री राखायला कायदा येत नाही. संस्थेने गावातल्याच लोकांना या कामात घेतले. आजही हंगामात पहाट होण्यापूर्वी किनारा पायी तुडवणे, मादीच्या वल्ह्यांसारख्या पायांनी वाळूवर उमटलेला माग शोधणे आणि त्याच्या टोकाशी घरटे कोठे आहे ते हाताने अदमासणे, हेच या सगळ्याचे मुख्य काम आहे आणि ते पाहायला कोणी तिकीट काढून येत नाही.

आपल्या शंकेत तथ्य आहे ते असे की हलवण्याचे काम सैलपणे झाले तर नुकसान होते. अंडी घातल्यापासून काही तासांतच, गोल न फिरवता, हिसका न देता हलवावी लागतात, आणि नवा खड्डा मूळ खड्ड्याच्याच खोलीचा व आकाराचा करावा लागतो. शिवाय पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरते. साधारण 29 अंश सेल्सिअसच्या वर माद्यांचे प्रमाण वाढत जाते आणि त्याखाली नरांचे. म्हणजे हॅचरी उघड्या उन्हात बांधली की सावलीत, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. जेथे घरटे जागच्या जागी सुरक्षित राहू शकते, तेथे ते हलवू नये असेच आमचेही मत आहे. आपल्या बहुतेक किनाऱ्यांवर कुत्र्यांची संख्या पाहता अशा जागा थोड्या आहेत.

या खटपटीचे मोल किनाऱ्यापुरतेच नाही, हेही नमूद करायला हवे. जानेवारी 2022 मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालून परतणाऱ्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाद्वारे माग काढणारे यंत्र बसवण्यात आले आणि तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवण्यात आले. देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील असा तो पहिलाच प्रयोग होता. पुढे जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना एक मादी सापडली, तिला 2021 मध्येच ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली होती. पूर्व किनाऱ्यावरची कासवे आणि आपली कासवे यांचा संबंध काय, हा प्रश्न त्यामुळे नव्याने उभा राहिला आहे.

प्रश्न : या महोत्सवांतून गावाला खरोखर काही मिळते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : वेळासला 2006 मध्ये महोत्सव सुरू झाला तेव्हापासून पाहुण्यांची सोय गावकऱ्यांच्या घरीच होते, राहण्या-जेवण्याचे पैसे त्या घराकडे जातात. ओटीवर किंवा माजघरात अंथरूण, सकाळी घावणे किंवा पोहे, दुपारी सोलकढी आणि सांगून ठेवले तर उकडीचे मोदक, एवढ्यावर जो समाधानी असेल त्याने जावे. वातानुकूलित खोलीची अपेक्षा असणाऱ्याने जाऊ नये. अंड्यांचा खाण्यापलीकडे काही उपयोग आहे हे घरोघरी पटले ते या उत्पन्नामुळे, आणि त्यात आम्हाला काही गैर वाटत नाही.

प्रश्न : कासवांचा हंगाम सरल्यावर वर्षभरात निसर्गसंस्थांचे आणखी कोणते उपक्रम असतात?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत भंडारदरा आणि पुरुषवाडी परिसरात हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर काजवे लखलखतात. येथे मात्र आमची शिफारस सावध आहे, कारण गाड्यांचे दिवे आणि विजेऱ्या यांच्या उजेडात काजव्यांचे एकमेकांना दिलेले संकेत हरवतात, आणि झाडाच्या बुंध्यापाशी झालेल्या गर्दीत गवतावर बसलेल्या माद्या पायांखाली येतात. लहान गटाने, गावातील वाटाड्यासह, दिवे विझवून जाता येत असेल तरच जावे. ऑगस्टच्या अखेरीपासून कास पठार फुलते. तेथे रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा असल्याने आधी नोंदणी करावी.

5 ते 12 नोव्हेंबर हा आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो, कारण 5 तारीख मारुती चितमपल्ली यांची आणि 12 तारीख सालिम अली यांची जन्मतारीख आहे. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. नवख्यांनी सुरुवात या गणनेपासून करावी असे आम्ही सुचवू, कारण सोबत जाणकार असतो, हातात नोंदवही असते आणि पाहिलेले मोजून लिहावे लागते. आपल्याला उजनी जवळ आहे.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलीला कासवे पाहायला नेता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अवश्य. तिला दोरीपाशी खाली बसवावे, पिल्लाला हात लावू देऊ नये आणि आपल्या मोबाइलचा फ्लॅश आधीच बंद करून ठेवावा. सकाळच्या वेळेसाठी तिला अंधारातच उठवावे लागेल, त्याची तयारी आदल्या रात्री करावी.