लाकडाच्या गॅसवर पंप: आधी ओल मोजा

प्रश्न (देपालपूर, जि. इंदूर): बांधावर सुबाभूळ, बाभूळ भरपूर आहे. गॅसिफायर (लाकूड कमी हवेत जाळून त्याचा गॅस करणारी भट्टी) बसवून डिझेल जनरेटरवर साडेसात एचपीचा पंप चालवायचा विचार आहे. आरागिरणीचा भुसा आणि सोयाबीनचं कुटार चालेल का? एका ओळखीच्यांचं इंजिन महिनाभरातच जाम झालं, ते कशामुळे?

उत्तर: इंजिन जाम होतं ते बहुतेक टारमुळे, म्हणजे लाकडाच्या धुरातल्या चिकट द्रवामुळे, आणि टार वाढतो ओल्या लाकडाने. पाण्याची वाफ करण्यातच भट्टीची आच खर्ची पडते, मग टार पुरता न जळता गॅसबरोबर पुढे जातो आणि व्हॉल्व्हला डांबरासारखा चिकटतो. ताज्या तोडीच्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. आपल्याला 20 टक्क्यांच्या आत ओल हवी. एक किलो तुकडे 105 अंशांवर, वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. 800 ग्रॅमपेक्षा कमी उरले, तर ढीग अजून उन्हात राहू द्या. तुकडे एक ते दोन इंचांचे करा आणि पावसाळ्याचा साठा उन्हाळ्यातच छपराखाली घ्या.

सुटा भुसा भट्टीत घालू नका, त्यातून हवा जात नाही. गॅस गाळायच्या गाळणीत मात्र तो छान कामाला येतो. कुटाराची राख जास्त, ती वितळून भट्टीच्या तळाच्या जाळीवर खडे धरतात. ते गुरांनाच घाला.

हा पंप तासाला साधारण साडेसहा युनिट ओढतो. डिझेल आणि गॅस मिळून चालवलं, तर पाच तासांना 30 ते 35 किलो सुकं लाकूड आणि तीनेक लिटर डिझेल धरा. गॅसवर इंजिनाची ताकद घटते, म्हणून जनरेटर 15 केव्हीएच्या खाली घेऊ नका आणि मोटारीला स्टार-डेल्टा स्टार्टर (सुरू होताना मोटारीला कमी करंट ओढू देणारा) लावाच.

सुरुवातीला जाळीवर लाकडी कोळसा भरून पेटवा, ब्लोअर लावा आणि गॅस आधी बाहेरच्या नळीवर जाळा. ज्योत दहा-पंधरा मिनिटं न विझता जळली की गाळणीनंतरच्या तोटीसमोर पांढरं फडकं धरा. त्यावर तपकिरी डाग पडला, तर गॅस इंजिनाला देऊ नका.

या गॅसमध्ये सुमारे 20 टक्के कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही आणि माणूस बसल्या जागी दगावतो. शेड चारही बाजूंनी मोकळी हवी, आणि भट्टीचं झाकण उघडताना त्यावर तोंड नेऊ नका. गॅस धुतलेलं काळं पाणीही विषारीच, ते विहिरीत किंवा नाल्यात सोडू नका. पक्क्या टाकीत निवळून तेच पुन्हा फिरवा.