वरून चकाचक, फोरएंडखाली काय?

प्रश्न: शिकारीसाठी सेमी-ऑटोमॅटिक कार्बाइन घ्यायचीय, नवी परवडत नाही म्हणून सेकंडहँड बघतोय. एक ब्राउनिंग बार (BAR) रायफल पसंत पडलीय, मालक म्हणतो फारशी वापरलेलीच नाही. नेमकं काय काय बघू?

उत्तर: फारशी वापरलेली नाही असं प्रत्येकच विकणारा म्हणतो, ते सोडून द्या. हातात घेतल्यावर आधी मॅगझिन काढा, बोल्ट (काडतुसामागे बंद होणारा सरकता भाग) मागे ओढा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे ना ते डोळ्यांनी आणि बोटानेही बघा. मग बंदुकीवरचा नंबर कागदपत्रांशी जुळवा, एक आकडा जरी इकडेतिकडे असला तरी पुढे बोलायचंच नाही.

दस्त्याचं पॉलिश बघून भुलू नका, खरी गोष्ट फोरएंडच्या, म्हणजे बॅरलखालच्या पुढच्या पकडीच्या, खाली असते. ही गॅसवर चालणारी बंदूक आहे, बॅरलमधला थोडा गॅस पिस्टनला ढकलतो आणि त्यावर बोल्ट मागे जातो, आणि लोक बॅरल साफ करतात पण गॅस सिस्टीम वर्षानुवर्षं उघडतच नाहीत. फोरएंड काढून दाखवा म्हणा, नाही म्हणाला तर नमस्कार करून निघा. काजळी असली तर काही नाही, ती पुसली जाते, पण पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर बंदूक अडकायला लागणार. सायगा किंवा व्हेप्र या कलाश्निकोव्ह धाटणीच्या रशियन बंदुकांचाही विचार असेल तर हे डबल बघा, जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमधून (दारू पेटवणाऱ्या टोपीतून) क्षार उरतात आणि साफ केलं नाही तर गंज लागलाच म्हणून समजा.

बॅरलमधून उजेडाकडे बघताना आत काळपट कडं दिसलं तर तिथे बॅरल फुगलेली असू शकते, अशी घेऊ नका. बोल्टचे लग्ज (त्याला घट्ट बंद ठेवणारे दात), एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) पण बघा. बार १९६७ पासून बाजारात आहे, जुन्या पीसमधला बफर (मागे येणाऱ्या भागांचा धक्का झेलणारा तुकडा) झिजलेला असू शकतो, आणि हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबरमधलं काडतुसासाठीचं अंतर) गनस्मिथकडून गेजने मोजून घ्या, ते नुसतं बघून कळत नाही.

जमलं तर रेंजवर नेऊन चालवाच, आणि टार्गेट नंतर बघा, आधी पुंगळ्या गोळा करा, साधारण एकाच बाजूला पडतायत का, कडा फाटल्यात का, तळाशी भेग आहे का. सेफ्टी लावून चाप दाबून बघायचं ते मात्र रिकाम्या बंदुकीवरच.

मॅगझिनचे ओठ, म्हणजे काडतूस धरणाऱ्या वरच्या कडा, वाकलेले असतील तर फीडिंग गंडतं, मग नवं घ्यावं लागतं, तेवढे पैसे घासाघीस करतानाच कापून घ्या.