डेबियन टाकतानाच अपडेट घ्यावेत की नंतर?

सांगलीत विश्रामबागच्या क्लासमधल्या दहा जुन्या पीसींवर डेबियन (लिनक्सवर चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकायचंय, नेट बेताचं आहे, मग इन्स्टॉलरला नेटवरून अपडेट घेऊ द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. जरूर घेऊ द्या. आयएसओ (डेबियन टाकायची फाइल) बनली तेव्हाचीच पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, तिच्यात असतात. त्यानंतरच्या सुरक्षा दुरुस्त्या इन्स्टॉलर मिररवरून (पॅकेजेस ठेवलेल्या नेटवरच्या सर्व्हरवरून) आणतो, म्हणजे पहिल्या लॉगिनलाच मशीन ताजं मिळतं.

अडचण एवढीच की तीच पॅकेजेस दहादा उतरतील. म्हणून आधी एकाच पीसीवर डेबियन टाका आणि त्यावर ॲप्ट-कॅशर-एनजी (उतरलेली पॅकेजेस साठवून बाकीच्या पीसींना देणारा प्रोग्राम) बसवा. बाकीच्या नऊ ठिकाणी मिरर निवडल्यावर एचटीटीपी प्रॉक्सी (नेटसाठीचा मधला सर्व्हर) विचारणारी रिकामी चौकट येते. बरेच जण तिथे नुसतं एंटर मारून पुढे जातात, आणि खरी सोय तिथेच आहे! त्या पहिल्या पीसीचा आयपी आणि 3142 हा पोर्ट तिथे भरा. एकदा उतरलेलं पॅकेज मग सगळ्यांना लॅनवरूनच मिळतं. हीच प्रॉक्सी पुढे ॲप्टच्या (डेबियनमध्ये पॅकेजेस आणि अपडेट आणणाऱ्या साधनाच्या) सेटिंगमध्येही राहते, त्यामुळे पहिला पीसी बंद असेल तर बाकीच्यांचे अपडेट अडतात.

यूपीएस नसेल तर पावसाचं वातावरण बघून सुरुवात करा. मध्येच लाइट गेली तर त्या मशीनचं सगळं पहिल्यापासून करावं लागेल.