‘पैलवान माणसाला कसलं आलंय टेन्शन?’

‘एवढा धडधाकट गडी, दोघांचं जेवण एकटा जेवतो, त्याला कसलं आलंय टेन्शन?’ गेल्या वर्षभरात हे वाक्य मी एका आईकडून, एका चुलत्याकडून आणि बॉक्सिंग शिकवणाऱ्या एका कोचकडून जवळजवळ याच शब्दांत ऐकलं. तिघांच्याही बोलण्यात तक्रारीपेक्षा भीती जास्त होती. पोरगं नाटक करत नसेल, तर मग त्याला झालंय तरी काय?

त्या तिघांना मी नैराश्याबद्दल जे सांगितलं, ते मला एका पैलवानानं आणि त्याच्या वस्तादांनी शिकवलं. त्याच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्याला आपण मारुती म्हणू.

मारुती माझ्याकडे आला तो कंबरदुखीमुळे. हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय केला, त्यात काही सापडलं नाही, म्हणून त्यांनी कोल्हापूरला माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलं. वय सत्तावीस, वजन शंभराच्या आसपास, कान मोडलेले. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. पहिला पाऊण तास फक्त कमरेबद्दल बोलला. निघताना मी विचारलं, “सकाळी किती वाजता उठता पैलवान?”

“चारला जाग येते.”

“आणि अंथरूण कधी सोडता?”

तो टेबलाकडे बघत राहिला. “नऊ. कधी दहा.”

पैलवानाची चारची जाग आणि नैराश्यातली चारची जाग घड्याळात सारखीच दिसते. घरच्यांना वाटत होतं, पोराची शिस्त कायम आहे. तो मात्र पाच तास पत्र्याकडे बघत पडून असायचा. झोप लवकर मोडणं, सकाळ सगळ्यात जड जाणं, ही या आजाराची जुनी खूण आहे.

पुढच्या काही भेटींत एकेक गोष्ट बाहेर आली. एका जत्रेच्या मैदानात तो तिसऱ्या मिनिटाला चीत झाला होता. हरणं त्याला नवीन नव्हतं, पण त्यानंतर हलगी ऐकली की तळहात गार पडायचे. कुस्तीची जोड ठरवायला फोन आला की तो उचलायचा नाही. थंडाईचे बदाम भिजत घातलेले तसेच आंबून जायचे. पण खरी गाठ वेगळीच होती. ती चौथ्या भेटीत सापडली.

“गावानं वर्गणी काढून खुराक दिलाय मॅडम. आबांनी म्हैस विकली. मी रडतोय असं कळलं तर म्हणतील, आमचं तूप वाया गेलं.”

माणूस घटनेनं जेवढा मोडतो, त्याहून जास्त तो त्या घटनेबद्दल स्वतःला जे बजावतो त्यानं मोडतो, यावर माझा पहिल्यापासून विश्वास आहे. आणि मराठीत हे बजावणं एका अक्षरात पकडता येतं: ‘च’. पैलवानानं खंबीर असलंच पाहिजे. गावाचं ऋण कुस्ती जिंकूनच फिटतं. मी त्याला ही वाक्यं वहीत लिहायला लावली आणि प्रत्येकातला ‘च’ खोडायला सांगितला. तो खोडायचा. पुढच्या आठवड्यात येऊन सांगायचा, “वहीत खोडला मॅडम, डोक्यातनं जात न्हाई.”

मग मी त्याला टायसन फ्युरीची गोष्ट सांगितली. नोव्हेंबर 2015 मध्ये त्यानं जर्मनीत व्लादिमिर क्लिच्कोला हरवलं आणि तो बॉक्सिंगचा हेवीवेट जगज्जेता झाला. वर्षाच्या आत नैराश्य आणि दारूनं त्याला असं घेरलं, की ऑक्टोबर 2016 मध्ये त्यानं किताब सोडून दिले. जगण्याची इच्छा उरली नव्हती, हे त्यानं स्वतः उघडपणे सांगितलं. उपचार घेतले, आणि फेब्रुवारी 2020 मध्ये डिऑन्टे वाइल्डरला हरवून पुन्हा जगज्जेता झाला. सगळं शिखर हातात आल्यावर तो कोसळला, तेव्हा नैराश्याला हरण्याचं निमित्त लागतंच असं नाही, हे मला दाखवायचं होतं.

मारुतीनं शांतपणे ऐकलं. “तो परदेशातला. त्याला कोण विचारणार, तूप कुठं गेलं म्हणून?”

त्या आठवड्यात मी दोन गोष्टी केल्या. त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, कारण सात महिने चाललेला, भूक आणि झोप खाऊन टाकणारा आजार नुसत्या बोलण्यावर ठेवणं योग्य नव्हतं. आणि त्याच्या वस्तादांना घेऊन यायला सांगितलं.

वस्ताद तिसऱ्या निरोपाला आले. सत्तरीचे, डोक्याला टोपी, चपला दाराबाहेर काढून आत आले. त्यांना काय काय समजवायचं, याची मी तयारी करून बसले होते. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. मारुतीकडे बघून म्हणाले, “दूध पितोस का?”

“न्हाई.”

“कधीपासनं?”

“दसऱ्यापासनं.”

वस्ताद बराच वेळ गप्प बसले. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले. “माझी शेवटची कुस्ती झाली त्या साली मी आठ म्हैनं गोठ्यात झोपलो. घरात सांगितलं, म्हशीला बरं न्हाई, रातचं लक्ष ठेवाय पायजे. म्हशीला काय धाड भरलीती! मलाच माणसांत यावंसं वाटत नव्हतं. कुणाला बोललो न्हाई. आज पयल्यांदा बोलतोय.”

मारुती ढसाढसा रडला. वस्तादांनी हात लांब करून त्याच्या मानेवर पंजा ठेवला. सलामी झाल्यावर ठेवतात तसाच, फक्त जोर न लावता. दहा मिनिटं तरी तो पंजा तिथंच होता. मी काही बोलले नाही. माझ्या कामातल्या सगळ्यात चांगल्या दहा मिनिटांत मी ती धरते.

माझी पद्धत आजही तीच आहे. पण त्या दिवशी मला एक गोष्ट लख्ख कळली. काही ‘च’ माणसाच्या डोक्यात जन्मलेले नसतात, ते तालमीत जन्मलेले असतात. ते एकट्यानं वहीत खोडून जात नाहीत. ज्याच्या शब्दाला तालमीत वजन आहे, त्यानं ते खोडावे लागतात.

पुढचा उपायही वस्तादांचाच. “कुस्ती धरायची न्हाई, जोर मारायचं न्हाईत. सकाळी यायचं आन् नुसती माती उकरायची.” हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, लाल माती रोज फावड्यानं उकरून भुसभुशीत ठेवावी लागते, नाहीतर पडणाऱ्याची हाडं दुखावतात. तिच्यात ताक, हळद, तेल, लिंबाचा रस मिसळतात. पहिल्या दिवशी मारुती आठला पोहोचला आणि चार फावडी मारून बसला. वस्ताद म्हणाले, “झालं आजचं.” औषधं तीनेक आठवड्यांत लागू पडायला लागली, तोवर अर्धा हौदा उकरून व्हायला लागला होता. मन लागलं की काम करू, असं म्हणत बसलं तर नैराश्यात मन लागतच नाही. आधी हात हलवावे लागतात. हे मीही सांगते, पण माझ्या सांगण्याला मातीचा वास नसतो.

आता त्या आईला, चुलत्याला आणि कोचना जे सांगितलं ते.

नैराश्य हा आजार आहे आणि तो दंडाचा घेर बघून येत नाही. उलट लढणाऱ्या खेळाडूंना काही जास्तीचे धोके असतात. वजन गटासाठी उपाशी राहून, पाणी तोडून वजन उतरवणं. दुखापतीनं महिनोन्‌महिने घरी बसणं. बॉक्सिंग आणि मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये (एमएमए) डोक्याला बसणारा मार, त्यानंतर मूड, झोप, चिडचिड यांत फरक पडला तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. आणि ज्याबद्दल तालमीत कोणी मोठ्यानं बोलत नाही, ती ताकदीची इंजेक्शनं. स्टेरॉइड घेऊन ती बंद केल्यावर गंभीर नैराश्य येऊ शकतं. पोरानं घेतली असतील तर रागवायचं नंतर बघा, आधी डॉक्टरांना खरं सांगा.

पुरुषांचं, त्यातही पैलवानांचं नैराश्य रडण्यातून क्वचित दिसतं. ते खुराक टाकण्यातून दिसतं, विनाकारण भडकण्यातून, दारूतून, गाडी बेफाम चालवण्यातून, कुठल्याच तपासणीत न सापडणाऱ्या दुखण्यातून दिसतं. दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं असेल, तर वाट बघू नका.

‘गोळ्या घेतल्या तर डोपिंगमध्ये अडकेल का?’ हा प्रश्न मारुतीनंही विचारला होता. नैराश्यावर नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्या जागतिक बंदी यादीत नाहीत. पण लक्ष एकाग्र होण्यासाठी देतात त्यातली काही औषधं आहेत, आणि यादी दरवर्षी बदलते. म्हणून डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, मी स्पर्धा खेळतो. बरं वाटलं म्हणून गोळ्या मनानं बंद करू नका.

आणि एक प्रश्न घरच्यांनी घाबरत का होईना, विचारायचाच: “जीव द्यावासा वाटतो का रे?” विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही. बहुतेक वेळा विचारलेलं माणसाला हलकं करतं. मी मारुतीला दुसऱ्याच भेटीत विचारलं होतं. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री कोणी नसेल तर सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या नंबरवर चोवीस तास चालू असते. तिथं मराठीतून बोलता येतं.

‘मन घट्ट कर’ एवढं मात्र म्हणू नका. तो वर्षानुवर्षं तेच करत आलेला असतो.

मारुती पुढच्या हंगामात दोन लहान मैदानं खेळला. एक जिंकला, एक बरोबरीत सुटली. औषधं डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी होताहेत. मला त्याहून जास्त आनंद झाला तो गेल्या महिन्यात, वस्तादांचा फोन आला तेव्हा. मागे हलगी वाजत होती.

“मॅडम, एक पोरगं हाय. एकोणीसचं. जेवत न्हाई, कुणाशी बोलत न्हाई. मी त्याला गोठ्याचं सांगितलं. तुमच्याकडं घिऊन येऊ का?”

गुरुवारी चारची वेळ दिली.