आधी झबलं वर कर

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद. तुझी ड्यूटी बालरोग वॉर्डात लागली, तीही ऐन थंडीत, हे तुझ्या आईकडून कळलं. म्हणजे इंदूरचा डिसेंबर-जानेवारी तुला पुरता दिसणार. या दिवसांत दोन वर्षांखालची, धापा टाकणारी मुलं एकामागून एक येतात. बऱ्याच जणांना ब्रॉन्किओलायटिस असतो, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिकांना सूज. तो विषाणूंमुळे होतो आणि त्यात आरएसव्ही नावाचा विषाणू सगळ्यांत पुढे. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, नेब्युलायझरनेही फारसा फरक पडत नाही. नाक मोकळं ठेवणं, लागेल तेवढा ऑक्सिजन देणं, पोटात दूध जात राहील हे बघणं, एवढंच हाताशी असतं. म्हणजे सगळं आपल्या नर्सांच्याच हातात, हे लक्षात घे.

मूल आलं की मॉनिटर लावायच्या आधी झबलं वर कर. आपल्याकडे थंडीत बाळाला तीन थर कपडे आणि वर शाल असते. आत छातीचं काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. श्वास पूर्ण एक मिनिट मोज. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय लावून घेऊ नकोस. तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो, मध्येच थांबतो, मग भराभर चालतो. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षभर ५०, एक ते पाच वर्षं ४०, म्हणजे श्वास जलद; हे आकडे तोंडपाठ हवेत. मूल रडत असेल तर थांब, आईच्या मांडीवर दे, शांत झालं की मोज.

मोजताना बरगड्यांच्या खालचा भाग श्वास घेताना आत ओढला जातोय का बघ. गावाकडून आलेली आई दारातूनच सांगते, “सिस्टर, पसली चल रही है.” तिला घाईत “बैठो, बैठो” म्हणू नकोस. तिने रात्रभर तेच बघितलेलं असतं.

कण्हण्याकडे विशेष लक्ष दे. नातेवाईक म्हणतात पोट दुखतंय. खरं तर फुप्फुसातले वायुकोश मिटू नयेत म्हणून बाळ श्वास सोडताना घसा अर्धवट आवळून धरतं, त्याचा तो आवाज. तो ऐकू आला की डॉक्टरांना लगेच बोलव, राउंडची वाट बघू नकोस. तसंच, सूं-सूं वाजणारी छाती एकदम गप्प झाली आणि मूल मलूल दिसायला लागलं, तर ते बरं वाटल्याचं लक्षण नाही. हवा आत जाईनाशी झालेली असते.

रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या ऑक्सिमीटरवर विश्वास ठेव, पण तपासून. पाय गार असले की तो काहीही दाखवतो. आधी पाय चोळून गरम कर, पडद्यावरची लाट नीट येतेय का आणि नाडीचा आकडा स्टेथोस्कोपशी जुळतो का, ते बघ. रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली असेल तर ऑक्सिजन दे. नाकातल्या नळ्यांनी नवजात बाळाला मिनिटाला अर्धा ते एक लिटर, त्याहून मोठ्या तान्ह्याला एक ते दोन लिटर. नळी शेंबडाने बुजली असेल तर फ्लोमीटर कितीही फिरव, उपयोग शून्य. म्हणून दूध पाजायच्या आधी नाकात सलाइनचे थेंब टाक, थोडं थांब, मग हलक्या हाताने सक्शन कर. खोलवर नळी घालून खरवडलंस तर आतून सूज येते आणि नाक आणखी चोंदतं. बाळाच्या खांद्याखाली टॉवेलची पातळ घडी ठेव. तान्ह्याच्या डोक्याचा मागचा भाग मोठा असतो, त्यामुळे मान पुढे दुमडते आणि श्वासाची वाट अरुंद होते.

श्वास ७० च्या वर असेल तर तोंडाने दूध नको, फुप्फुसात जाईल. डॉक्टरांना विचारून नळीने दे. आईला दूध काढून द्यायला सांग. तिलाही काहीतरी केल्यासारखं वाटतं.

आता आज्यांविषयी. रामबागेतली आपली मराठी आजी ओव्याची पुरचुंडी, वेखंड आणि धुरी घेऊन येणारच. पुरचुंडी कोमट असेल तर त्यावरून भांडू नकोस, धुरी मात्र बंद करायला लाव. वर्षाखालच्या बाळाला मधाचं बोटही नाही, आणि गरम पाण्याच्या भांड्यापाशी धरून वाफ तर मुळीच नाही. भाजलेली मुलं बघितली की कळतं का ते. कधी पोटावर डाम दिलेलं बाळही येईल. आपल्या मध्य प्रदेशात, विशेषतः आदिवासी भागात, अजून हे चालतं. राग येईल, पण आईवर ओरडू नकोस. ओरडलेली आई पुढच्या वेळी उशिरा येते.

घरी सोडताना लसीचं कार्ड माग. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस जंतूवरची लस सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून आली आहे; सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने. राहिली असेल तर कुठे आणि कोणत्या वारी मिळेल ते कागदावर लिहून दे. आणि परत कधी यायचं हे नुसतं सांगू नकोस, आईकडून वदवून घे: दूध सोडलं, श्वास वाढला, छाती आत गेली, ओठ निळे पडले, बाळ उठेनासं झालं. हिंदीत म्हणू दे, तिच्या मालवीत म्हणू दे. एखादं राहिलं तर पुन्हा विचार, मगच सही घे.

तुझी,
मावशी